शके १७१६ : वाईतल्या एका वाड्याची हकीकत

पार्श्वभूमी

वाईत कृष्णेच्या काठाला लागून ज्या जुन्या आळ्या आहेत त्यातल्या एका आळीतला हा वाडा. कुटुंबाचं आणि आळीचं नाव मुद्दाम देत नाहीये, माणसं अजून तिथंच राहतात आणि काही गोष्टी अजून दुखऱ्या आहेत. मी मोडी वाचतो आणि जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढून देतो, त्या निमित्तानं या घरात गेलो आणि पुढची दोन वर्षं मनानं तिथंच राहिलो.

वाडा दोन चौकी. पुढं दिंडी दरवाजा, मग चौक, चौकाच्या भोवती सोपा, आत माजघर, देवघर, बळद (धान्य साठवायची बंदिस्त जागा), वर माडी. मागच्या चौकात आड आणि परसदार. पुढच्या एका खोलीत एक शिंपीकाका, साठच्या दशकापासून भाडेकरू, आधी त्यांचे वडील बसायचे आता ते. घराची मालकी चुलत भावंडांच्या तीन शाखांत, मिळकत पत्रिकेवर नावं अकरा, प्रत्यक्षात राहणारे फक्त थोरले अण्णा आणि वहिनी, बाकी पुणे, ठाणे आणि एकजण अमेरिकेत.

दिंडी दरवाज्याच्या गणेशपट्टीवर, म्हणजे चौकटीच्या वरच्या गणपतीच्या लाकडी पट्टीवर, कोरलेलं होतं, पण त्यावर ऑइलपेंटचे इतके थर की वाचता यायचं फक्त "१७१६" आणि पुढं "आनंद". त्यामुळे घरात पिढ्यान्‌पिढ्या गोष्ट अशी की वाडा १७१६ साली आनंदराव नावाच्या मूळ पुरुषानं बांधला. दाराशेजारी संगमरवरी पाटी पण लावलेली, "स्थापना १७१६". लग्नपत्रिकांवर सुद्धा ते साल छापायचे.

अडचण काय होती

एका पावसाळ्यात मागच्या चौकाची पडवी खचली. कुणाला लागलं नाही पण पंधरा दिवसांत नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, आणि नोटिशीच्या मागोमाग बिल्डर आला. त्याचा प्रस्ताव साधा, अख्खा वाडा पाडायचा, शेजारचा बोळ आत घेऊन पार्किंग करायचं, वर फ्लॅट, प्रत्येक शाखेला दोन फ्लॅट आणि वर रोख रक्कम. पुण्याच्या शाखेला हे पटलं, ठाण्याची शाखा म्हणाली बघू, अण्णा म्हणाले माझ्या मढ्यावरून पाडा. फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री भांडण.

अण्णांचा सगळा भर त्या १७१६ वर होता. त्यांचं म्हणणं, घर तीनशे वर्षांचं आहे म्हणजे सरकार पाडू देणारच नाही. इथे मला पहिल्याच भेटीत त्यांना नाराज करावं लागलं. घर शंभर वर्षांचं असो की तीनशे, नुसत्या वयानं त्याला संरक्षण मिळत नाही, राज्य संरक्षित स्मारक व्हायला १९६० च्या कायद्याखाली तशी अधिसूचना निघावी लागते, आणि अशा खाजगी वाड्यांपैकी फार थोड्यांची निघते. म्हणजे वयाच्या जोरावर वाडा वाचणार नव्हता. तरी पण मी म्हणलं, इतिहास नीट शोधू, कारण पाडायचं असेल तरी आपण काय पाडतोय ते कळलं पाहिजे.

घर वाचताना

आधी घर वाचायचं आणि मग कागद, ही माझी पद्धत. कागद आधी बघितले की डोळे तेवढंच शोधतात.

पुढच्या चौकात सागाचे चौकोनी खांब, खाली दगडी तळखडे, वर कोरलेले हात (तुळईला आधार देणारे लाकडी कंस), त्यावर तुळया आणि कडीपाट. भिंतींना दगडी जोतं, वर पातळ विटा आणि पांढरी माती. अशा घरात छपराचा भार मुख्यतः खांब-तुळया घेतात, भिंत बऱ्यापैकी भरणीची असते. हे मुद्दाम सांगतोय कारण नोटिशीसोबत जो रिपोर्ट होता त्यात भिंतीचे पोपडे आणि भेगा बघून सरळ "आयुष्य संपलेलं" असं लिहिलं होतं, एकाही खांबाला हात लावला नव्हता.

मागचा चौक वेगळाच निघाला. तिथं लाकडी तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर, त्यावर उठावाची अक्षरं "डॉर्मन लाँग", "मिडल्सबरो", "इंग्लंड". घरात सांगायचे की मागचा भाग १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात पडला आणि वडिलांनी परत बांधला. पण विलायतेहून आलेले गर्डर १९६७ साली कोण घालेल? ते इंग्रजी अमदानीतलं काम. भूकंपात (११ डिसेंबरची पहाट, वहिनींच्या सासूबाई सगळ्यांना चौकात घेऊन बसल्या होत्या ही आठवण मात्र पक्की) बहुतेक फक्त वरचा त्रिकोणी भाग कोसळला, तिथली वीट आणि सिमेंट वेगळं आहे ते उघड दिसतं.

कौलांनी पण एक चकवा दिला. काही मंगलोरी कौलांवर १८६५ असा शिक्का होता आणि पुण्याचा पुतण्या खूश, म्हणाला चला छप्पर १८६५ चं. ते साल बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला त्याचं. कारखाना शिक्क्यात ते साल पुढंही वापरत राहिला, त्यामुळे कौल १८६५ नंतरचं एवढंच त्यावरून कळतं, नेमकं कधीचं ते नाही.

आणि मग गणेशपट्टी. मी फोनवर म्हणलं की रंग काढून ठेवा म्हणजे मी आलो की वाचू. ही या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वात मोठी चूक आहे आणि तिच्याकडे पुढं परत येतो.

रंग निघाल्यावर दिसलं ते असं, "श्री गजानन प्रसन्न शके १७१६ आनंदनाम संवत्सरे" आणि पुढं ओळ पुसट. म्हणजे १७१६ हे इसवी सन नव्हतंच, शक होतं, त्यात ७८ मिळवा, १७९४ येतं. आणि आनंद हे कुणा माणसाचं नाव नाही, साठ संवत्सरांतलं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या एका वर्षाचं नाव. पडताळायला सोपं आहे, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ आनंद संवत्सरातला, त्यात साठाची दोन आवर्तनं मिळवली की बरोबर १७१६. इसवी १७१६ म्हटलं तर शके १६३८ येतो आणि त्याचं संवत्सर दुर्मुख, ते जुळतच नाही.

अण्णा बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आनंदराव नव्हतेच?" सत्तर वर्षं ज्या माणसाचं श्राद्धाला नाव घेतलं तो माणूस एका संवत्सराच्या नावातून तयार झाला होता. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना मेणवलीच्या घंटेचं उदाहरण दिलं, नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ घाटावर जी मोठी घंटा आहे ती १७०७ ची, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली, ती पोर्तुगीजांनी ओतलेली त्यामुळे तिथं १७०७ इसवीच. चार किलोमीटरच्या आत दोन आकडे, दोन्ही सतराशेच्या पहिल्या वीस वर्षांतले दिसतात आणि मधे खरं अंतर सत्त्याऐंशी वर्षांचं. अशा वेळी घरच्यांनी चुकीचं वाचलं यात त्यांचा काय दोष?

उलट १७९४ हे साल मला तरी जास्त बोलकं वाटतं. सवाई माधवरावांचा काळ, खर्ड्याची लढाई (मार्च १७९५) याच शकात. वाईत त्याच्या आधीच्या तीसेक वर्षांत रास्ते सरदारांनी घाट, देवळं बांधून गाव सजवलेलं, ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं. गोपिकाबाई पेशवे रास्त्यांच्या घरातल्या, त्यामुळे पुणे दरबाराचा पैसा आणि माणसं इकडं येत होती, आणि त्यांच्या मागं कारकून, भिक्षुक, सावकार पण घरं बांधत होते. हा वाडा त्या भरतीच्या शेवटाला बांधलेला. पुढच्या चोवीस वर्षांत पेशवाई संपली.

कागद

घरात एक लाकडी पेटी होती, आत रुमालात बांधलेले मोडी कागद. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली त्यामुळे अण्णांच्या पिढीत कुणालाच वाचता येत नव्हती, दसऱ्याला पेटीची पूजा व्हायची आणि परत कुलूप.

बहुतेक कागद किरकोळ, हातउसन्याच्या चिठ्ठ्या, धान्याचे हिशोब. पण एक खरेदीखत निघालं, शके १७८५ रुधिरोद्गारी संवत्सर, म्हणजे १८६३-६४. त्यात अण्णांच्या पणजोबांच्या वडिलांनी हा वाडा दुसऱ्या एका घराण्याकडून विकत घेतला होता. आधी गहाण, मग व्याज फिटेना म्हणून खरेदी. म्हणजे वाडा बांधणारे हे लोकच नव्हते. सब-रजिस्ट्रारकडे याचा माग लागला नसता, स्थावराच्या दस्तांची नोंदणी सक्तीची झाली ती १८६४ च्या कायद्यानं, हा कागद त्याच्या उंबरठ्यावरचा. ती पेटी वाळवीनं खाल्ली असती तर ही गोष्ट कायमची गेली असती.

खरेदीखतात घर खणांत (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण) मोजलंय, सोपा पाच खणी, माजघर तीन खणी असं. मी खांब मोजले, पुढचा चौक तंतोतंत जुळला. मागच्या चौकाचं वर्णन जुळलं नाही, तिथं तेव्हा गोठा आणि उघडी जागा होती, म्हणजे गर्डरांनी जे सांगितलं तेच कागदानंही सांगितलं.

आणि चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, ते वाक्य होतं ज्यानं प्रकरण फिरलं. पूर्वेचा बोळ सामाईक, आणि मागच्या आडावर शेजारच्या घराची पाण्याची वहिवाट. बिल्डरचं सगळं पार्किंग त्या बोळावर होतं.

इथं थांबून विचार करावा लागला

हा कागद वाचणारा त्या क्षणी मी एकटाच. अण्णांना सांगितलं तर ते तो हत्यार म्हणून वापरणार, पुण्याच्या शाखेला सांगितलं तर ते म्हणणार कशाला उकरताय, दीडशे वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय. शेजारच्यांना तर यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांच्याकडे चाळीस वर्षं नळ आहे, आडाकडे कुणी फिरकत नाही. आणि आणखी एक, ज्या माणसाला नुकतंच कळलंय की त्याचा मूळ पुरुष नव्हताच, त्याला लगेच हे पण सांगायचं की तुमच्या पूर्वजानं हे घर कर्जापोटी दुसऱ्याचं घेतलं?

दोन दिवस मी गप्प बसलो. ते चुकलं का बरोबर होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिसऱ्या दिवशी पूर्ण लिप्यंतर टाइप केलं आणि तिन्ही शाखांना एकाच वेळी पाठवलं, एक शब्द न गाळता. कुणा एकाला आधी दिलं असतं तर मी त्याच्या बाजूचा झालो असतो आणि पुढं माझ्या कुठल्याच बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. सोबत भूमापनाच्या चौकशी नोंदवहीचा उतारा काढायला सांगितला, आणि त्यात सुद्धा तो बोळ सामाईक म्हणूनच लागलेला निघाला. दोन्ही कागद एकत्र आल्यावर वकिलानं बिल्डरला सरळ सांगितलं की बोळ गृहीत धरू नका.

कोणते पर्याय होते

बिल्डरचा प्रस्ताव बोळाशिवाय अर्धा झाला, फ्लॅट कमी, रोख कमी. तरी तो पर्याय होताच आणि पैशाची गरज असलेल्या माणसाला तो चुकीचा म्हणायचा मला अधिकार नाही. पुण्याच्या शाखेत आजारपण होतं, हे ग्रुपवरच्या भांडणात कुणी लक्षातच घेत नव्हतं.

दुसरा पर्याय घर उतरवून लाकूड विकायचा. जुन्या सागवानाचे व्यापारी फोटो बघूनच येतात, कोरीव हात आणि दरवाजे रिसॉर्टवाल्यांना हवे असतात. एकानं नुसत्या दिंडी दरवाज्याची आणि गणेशपट्टीची बोली लावली. घर पाडायचंच ठरलं तरी निदान हे इथं राहू द्या असं मी म्हणलं आणि त्यावर मात्र तिन्ही शाखा लगेच हो म्हणाल्या, पहिल्यांदाच एका मुद्द्यावर.

तिसरा, शूटिंगला आणि होमस्टेला द्यायचा. वाईत पिक्चरवाल्यांची ये-जा आहे म्हणून सगळ्यांना हे सोपं वाटतं, पण भाड्याची शाश्वती नाही आणि खिळे ठोकून, रंग फासून जातात ते वेगळं. ते बाजूला ठेवलं.

चौथा, मागचा चौक उतरवायचा, पुढचा दुरुस्त करायचा. खर्च मोठा, पण टप्प्याटप्प्यानं करता येणारा.

काय केलं

सगळ्यात आधी टेकू. निर्णय व्हायला वर्ष लागलं तरी चालेल पण तोवर घर पडायला नको, म्हणून खचलेल्या भागाला आधार आणि छपराच्या पन्हळीची गळती बंद. मग जुन्या लाकडाचं काम कळणाऱ्या एका इंजिनियरकडून दुसरा रिपोर्ट घेतला. त्यांनी प्रत्येक खांब ठोकून, बारीक भोक पाडून बघितला. पुढच्या चौकातले बहुतेक खांब वर ठणठणीत, खराबी फक्त तळाशी वीतभर, तिथं ओल आणि वाळवी. त्या रिपोर्टवर नगरपालिकेनं मागचा भाग उतरवायचा आणि पुढचा ठराविक मुदतीत दुरुस्त करायचा अशी परवानगी दिली.

ओल कुठून आली? नव्वदच्या दशकात घर "पक्कं" करायचं म्हणून मातीच्या भिंतींना सिमेंटचं प्लॅस्टर केलं होतं. मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि तोंडावाटे सोडते, सिमेंटनं ते तोंड बंद केलं, मग ओल आतल्या आत खांबाकडे गेली. वाईसारख्या नदीकाठच्या गावात हे मी घरोघरी बघतो आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण लोकांनी घरावरच्या प्रेमापोटीच तो खर्च केलेला असतो.

सिमेंट उतरवलं, भिंती दोन-तीन महिने तशाच उघड्या सुकू दिल्या, मग चुना. चुना आधी कित्येक आठवडे भिजवून मुरवायचा, त्यात वाळू, विटेची भुकटी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा. हे हातानं येणारा गवंडी शोधण्यातच दीड महिना गेला, शेवटी शेजारच्या तालुक्यातले एक म्हातारे गवंडी आपल्या नातवाला घेऊन आले आणि नातू शिकला. खांबांचे सडलेले पाय कापून नवीन सागाचा तुकडा खाचा पाडून कलम केल्यासारखा जोडला. कौलं एक-एक टिचकी मारून निवडली, खणखणीत वाजली ती ठेवली, बद वाजली ती काढली.

शिंपीकाकांचं काय हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आणि तो सगळ्यात आधी यायला हवा होता. भाडेनियंत्रण कायद्याखाली त्यांचा हक्क होताच, पण त्यांना भीती ही की एकदा मशीन बाहेर गेलं की परत आत येणार नाही. वहिनींनी तोडगा काढला, काम चालू असताना मशीन देवघराशेजारच्या खोलीत, आणि तीच खोली तेवढ्याच भाड्यात परत देण्याचा लेखी करार सगळ्या मालकांच्या सहीनं. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळच्या भाडेपावत्या होत्या, १९६३ पासूनच्या, ओळीनं. मागच्या पडवीत कधी काय दुरुस्ती झाली ते त्या पावत्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, आणि घरच्यांकडे त्यातलं काहीच नव्हतं.

काय झालं

पुढचा चौक उभा आहे. मागचा उतरवला, गर्डर मजबूत होते ते नवीन स्वयंपाकघराला वापरले. पुण्याच्या शाखेचा हिस्सा अण्णांच्या मुलानं आणि ठाण्याच्या शाखेनं कर्ज काढून विकत घेतला, बाजारभावापेक्षा कमी पैशात, त्यामुळे ते नाराज आहेत आणि गणपतीला आले नाहीत. हे मी लपवणार नाही, घर वाचलं पण एक शाखा दुरावली.

संगमरवरी पाटी काढायची का यावर अण्णा महिनाभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच मजकूर लिहून दिला, "शके १७१६ आनंद संवत्सरी बांधला, शके १७८५ पासून आमच्याकडे", आणि खाली ज्यांच्याकडून घेतलं त्या घराण्याचं नाव. पितृपक्षात त्यांनी त्या वर्षी आनंदरावांचं नाव घेतलं की नाही हे मी विचारलं नाही.

परत करायचं झालं तर

गणेशपट्टी. मी फोनवर "रंग काढून ठेवा" एवढंच बोललो, कसा काढायचा ते बोललो नाही. रंगाऱ्यानं मनापासून काम केलं, तारेच्या ब्रशनं आणि कॉस्टिकनं, आणि "संवत्सरे" च्या पुढची ओळ, जिथं महिना, तिथी आणि बहुधा बांधणाऱ्याचं नाव होतं, ती घासली गेली. रात्री बाजूनं टॉर्च धरून फोटो काढले तर त्यात एक "सु" आणि एक "जी" वाटतो, त्यापुढं काही नाही. सव्वादोनशे वर्षं ती ओळ सुखरूप होती. मी दोन दिवस काढून स्वतः गेलो असतो, आधी फोटो, मग ठसा, मग लाकडाला न दुखवणारं औषध लावून हळूहळू, तर आज ते नाव वाचता आलं असतं. त्याचं दुःख कमी होत नाही.

बळदाचं पण तसंच, मागचा चौक उतरवताना मजुरांनी मधलं बळद मोकळं करून टाकलं, माप घेतलेलं नव्हतं, फोटो एकच आणि तो पण लग्नातला. आता मी काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खोलीत चारी भिंती, जमीन आणि तक्तपोशी असे सहा फोटो काढल्याशिवाय हातोडा लावू देत नाही.

आणि पैशाची गरज कुणाला किती आहे हे पहिल्या महिन्यातच एकेकट्याशी बोलून विचारायला हवं होतं, ग्रुपवर ते कुणी लिहीत नाही. पुण्याच्या वहिनींनी मला नंतर सांगितलं की वर्षभर आधी कुणी नीट विचारलं असतं तर त्या कमी किमतीलाही हसत तयार झाल्या असत्या.

बोळाचा आणि आडाच्या वहिवाटीचा नवीन करार शेजाऱ्यांशी अजून रजिस्टर व्हायचाय. त्यांच्या धाकट्या मुलाची सही राहिलीय, तो मे महिन्यात गावी येतो.